विळ्यापर्यंतचा रस्ता

लीलाधर झांबरे याच्या नाकाला सावदा-रावेर पट्ट्यात मान होता. केळीचा ट्रक घेऊन तो दिल्लीला निघाला की वाटेत प्रत्येक चहाला उतरायचा, ताडपत्रीचं टोक उचलायचा आणि आत डोकं घालून एक लांब श्वास घ्यायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. "लीलाभाऊ चहा नाकानं पितो," म्हणायचे. पण हाच लीलाभाऊ ताडपत्री खाली सोडून "माल बोलायला लागला" असं म्हणाला, की हसणारे गप्प व्हायचे. मग तो अर्धा चहा तसाच टाकून निघायचा, दिल्लीचा नाद सोडून ग्वाल्हेरला नाहीतर आग्र्याला माल उतरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की थोडा जरी उशीर झाला असता तरी ट्रकमधून पिवळा चिखल उपसावा लागला असता. पिकलेल्या केळीचा वास सगळ्यांनाच येतो. लीलाधरला तो आदल्या दिवशी यायचा.

त्या काळी केळी उघड्या ट्रकमधून, केळीच्याच पाल्याच्या गादीवर, तीन दिवसांचा प्रवास करायची. खाली खड्डे आणि वर ऊन. चाक खड्ड्यात गेलं की घडावर घड आदळायचा आणि फळाला आतल्या आत मार लागायचा. मार लागलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. हा वायू म्हणजे केळ्यांची आपसातली कुजबुज आहे. एकानं सोडला की शेजारच्याला वाटतं, पिकायची वेळ झाली. तेही पिकायला लागतं, तेही वायू सोडतं, आणि बघता बघता कुजबुजीचा गलका होऊन अख्खा ट्रक पिवळा पडतो. म्हणून बागेतली माणसं सावध राहायची. घड पुरता भरायच्या आत, फळाच्या कडा अजून हाताला लागताहेत तोवरच कापायचा. त्याला 'पाऊण' म्हणायचे. बाप पाऊणवर कापायचा म्हणून मुलगा पाऊणवर कापायचा. दिल्ली किती लांब आहे हे विळ्याला ठाऊक होतं.

मग रस्ता बदलला.

वाट जुनीच होती, अंग नवं झालं. तापी-यमुना मालवाहू महामार्ग असं त्याचं नाव. पेपरात त्याची पानंच्या पानं वर्णनं आली. त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या. पहिली म्हणजे, डांबरात लोखंडाचे केसासारखे बारीक तंतू मिसळले होते. डांबराला आधी बारीक तडा जातो, तड्यात पाणी शिरतं आणि खड्डा होतो. खड्डा म्हणजे वेळेवर न पाहिलेला तडाच. आता दर काही दिवसांनी एक गाडी पोटाखाली विजेच्या वेटोळ्यांची चौकट घेऊन रस्त्यावरून सावकाश फिरे. तिच्या चुंबकीय लहरींनी ते तंतू तापत, भोवतालचं डांबर मऊ होई आणि तडा सांधला जाई, कातडीवरची जखम भरून यावी तसा.

दुसरी गोष्ट डाव्या मार्गिकेच्या खाली होती. तिथं तांब्याची वेटोळी पुरली होती आणि वरून धावणाऱ्या ट्रकला ती धावता धावताच वीज देत. ट्रकला डिझेल नको, मोठी बॅटरी नको आणि मध्येच थांबणंही नको. चार ट्रकांची माळ एकामागोमाग पळे; पुढच्यात ड्रायव्हर, मागचे तीन त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. केळीला थंड डबा पूर्वी परवडत नव्हता, कारण डिझेल जाळून गारवा करायचा तर केळी विकून तेवढेही पैसे येत नसत. आता गारवा रस्ताच पुरवू लागला. डब्यातला प्राणवायू काढून बराचसा नायट्रोजन भरला की फळ पेंगुळतं, पिकण्याची घाई करत नाही. तीन दिवसांची वाट एका दिवसावर आली.

लीलाधरला माळेतला पुढचा ट्रक मिळाला. पगार वाढला, कमरेचं दुखणं थांबलं. फक्त नाकाला काम उरलं नाही. डबा सीलबंद, वाटेत दार उघडायचं नाही ही सक्त ताकीद. पहिल्याच फेरीत तो सवयीनं उतरून मागं गेला, बंद दाराला नाक लावून उभा राहिला आणि रबराचा वास घेऊन परत आला.

*

रस्ता सुरू होऊन वर्ष झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लीलाधरची मुलगी चारू भोपाळहून घरी आली. महामार्गाचा फायदा कुणाला किती पोचला हे मोजणाऱ्या कचेरीत ती अर्थतज्ज्ञ होती. सणाचं जेवण दर वर्षीप्रमाणे लीलाधरच्या थोरल्या बहिणीकडं, मंदा फिरके हिच्याकडं होतं. नवरा गेल्यापासून केळीची बाग मंदाच बघायची, आणि बागेवर तिचा जेवढा ताबा होता तेवढा जिभेवर नव्हता, असं लीलाधर म्हणायचा.

पानात खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस होता. पंगतीला हबीब तडवीही बसला होता. गावातल्या कापणीच्या टोळीचा तो मुकादम. मंदाच्या बागेतला प्रत्येक घड त्याच्या नजरेखालून जायचा.

"चारू, तुमच्या त्या रस्त्यानं आमचं काय भलं केलं गं?" मंदानं रस वाढता वाढता विचारलं. "भाव तोच, वजन तेच. तुझ्या बापाचा पगार वाढला तेवढा."

"आणि पोट," हबीब म्हणाला.

चारू हसली नाही. "आत्या, मलाही तेच छळतंय. कागदावर फायदा डोंगराएवढा दिसतो. टायर वाचले, तास वाचले, वाटेत सडणारा माल वाचला. सगळं खरं आहे. पण ते बागेपर्यंत येतच नाही, मध्येच कुठंतरी अडकतं."

"कुठं अडकतं?"

"हबीबकाकांच्या विळ्यात."

हबीबचा घास हातातच राहिला. "मी काय केलं बा?"

"तुम्ही घड पाऊणवर कापता. कशासाठी?"

"दिल्ली लांब आहे म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"काका, दिल्ली आता लांब नाही. पण विळ्याला ते कुणी सांगितलंच नाही." चारू पुढं सरकली. "केळीचा घड शेवटच्या दहा-बारा दिवसांत जेवढा भरतो तेवढा कधीच भरत नाही. नेमका तेव्हाच आपण कापतो. घडामागं तीन-चार किलो आपण येऊच देत नाही. जमीन तीच, खोड तेच, थोडं जास्तीचं पाणी. सगळ्या तालुक्यानं थांबायचं ठरवलं, तर तालुक्याला सहावा हिस्सा नवी जमीन सापडल्यासारखं होईल. आणि तुमची मजुरी वजनावर आहे. रस्त्याचा फायदा लोक रस्त्यावर मोजतात. तो खोडावर लटकलेला आहे."

"भरलेला घड दिल्लीला?" आता लीलाधर बोलला. "पोरी, मी पाहिलाय असा ट्रक. शिवपुरीपुढं ताडपत्री उघडली तर आत माश्यांची जत्रा भरली होती. त्याचा मालक कपाळाला हात लावून रस्त्यात बसला होता."

"तो उघडा ट्रक होता, बाबा. खड्ड्यांचा रस्ता होता."

"केळ तर तेच होतं ना?"

याला चारूजवळ उत्तर होतं, पण ते आकड्यांचं होतं आणि बापाचा आकड्यांवर विश्वास नव्हता. मंदानं रसाचं पातेलं खाली ठेवलं.

"मृगात लावलेली माझी बाग कापणीले आलीय," ती म्हणाली. "मी थांबते."

"अर्धी थांबव," लीलाधर घाईनं म्हणाला. "अर्धी काप."

"अर्धवट मले जमत नाही. अर्ध्या बागेवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि अर्ध्या हरण्यानं कोणी शहाणं होत नाही. पण एक अट आहे. पहिला ट्रक तू नेशील. दुसरं कोणी नाही."

"अक्का, आता ड्रायव्हरच्या हातात काही राहिलं नाही गं. ट्रक आपला आपण जातो."

"हातात नसलं तर नसू दे. नाकात आहे ना?"

*

बाग थांबली तशी गावात चेष्टा सुरू झाली. शेजारच्या बागेचे मालक प्रल्हाद राणे रोज बांधावर येऊन उभे राहायचे. "मंदाताई, केळी कापायची आहेत का त्यांची मुंज करायची आहे?" व्यापारी येऊन गेला. भरून गेलेला घड मी घेत नसतो, असं त्यानं बजावलं, म्हणजे पहिला ट्रक वाटेत पिकला तर मागं उभी असलेली सगळी बागही हातची जाणार, कारण तोवर प्रत्येक घड पाऊणच्या पार पुढं गेलेला असेल. आणि मग या पट्ट्यात पुन्हा कुणी थांबायचं नाव काढणार नाही. हे मंदालाही कळत होतं. ती चेष्टेला चेष्टेनं उत्तर द्यायची. संध्याकाळी सातपुड्यावर वळवाचे ढग चढायला लागले की मात्र ती चेष्टा सोडून आभाळाकडं बघत राहायची. जड घडाचं खोड वाऱ्याला टिकत नाही. एका संध्याकाळी वादळ बागेच्या कडेनं निघून गेलं, पाच-सहा खोडं आडवी करून.

"गेली ती गेली," मंदा म्हणाली आणि उरलेल्यांना बांबूचे टेकू लावायला निघाली.

लीलाधर फेरीवरून आला की थेट बागेत जायचा. फळावरून अंगठा फिरवायचा. आधी कडा अंगठ्याला लागायची, मग बोथट झाली, मग गोल. त्याच्या उभ्या आयुष्यात इतका भरलेला घड त्यानं झाडावर पाहिला नव्हता. घडाचं त्याला कौतुक वाटायचं आणि धास्तीही.

कापणीच्या दिवशी हबीबनं विळा लावण्याआधी घड तळहातावर तोलून पाहिला. "अल्ला! हा तर खांद्यावर बसलेल्या पोरासारखा जड आहे," असं म्हणून त्यानं टोळीतल्या सगळ्यांत धिप्पाड गड्याला हाक मारली.

फण्या सुट्या झाल्या, धुतल्या, खोक्यांत बसल्या. डबा भरला. मग मंदा आरतीचं ताट घेऊन आली. हंगामातल्या पहिल्या ट्रकची पूजा तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली. दाराला हळदकुंकू, चाकाखाली नारळ, आत उदबत्ती ओवाळायची. उदबत्त्यांचा जुडगा तिनं दारातून डब्यात चांगला फिरवला. चारूनं तोंड उघडलं. आत्याचे डोळे मिटलेले होते, ओठ पुटपुटत होते. चारूनं तोंड मिटलं आणि हात जोडले.

थोड्या वेळानं ती खोक्यांचे आकडे लिहून घ्यायला पुढं गेली, तेव्हा मंदानं लीलाधरच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. आत पूजेची पिकलेली वेलची केळी होती, एक फणी. हीदेखील सासूच्या वेळची रीत. पहिल्या मालात एक पिकली फणी ठेवायची. 'तू पोचलीस, आता यांनाही पोचव,' असं तिला सांगायचं.

"पोरीले दाखवू नको. ती शिकलेली आहे, हसेल."

लीलाधरनं दर वर्षी ही फणी ट्रकमध्ये नेली होती आणि दर वर्षी माल पोचला होता. त्यानं ती दाराजवळच्या वरच्या खोक्यामागं अलगद बसवली. इतक्यात चारू आली.

"बाबा, आत मालाशिवाय काही नाही ना? मी सील करते आहे."

"काही नाही," लीलाधर म्हणाला.

*

चारूही ट्रकमधून निघाली. बाप-लेक इतका वेळ एकत्र बसायची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. इंदूर मागं पडलं, गुना आलं. रस्ता इतका गुळगुळीत होता की पुढ्यातल्या ग्लासातलं पाणी हलत नव्हतं. लीलाधरचा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला होता, देवापुढं ठेवतात तसा.

"आता तुम्हाला कंटाळा येतो का हो?" चारूनं विचारलं.

"कंटाळा नाही. आपण नको आहोत असं वाटतं. पूर्वी खड्डा आला की मी श्वास धरायचो. माझ्याबरोबर मागचा माल श्वास धरतोय असं वाटायचं. आता तो मागं आहे की नाही तेही कळत नाही."

"हे बघा, इथं कळतं." तिनं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. डब्यात पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक यंत्र बसवलेलं होतं. आतलं इथिलीन ती मोजत. "हवेच्या एक कोटी कणांत वायूचा एक कण झाला, की भरलेलं फळ ते ऐकतं. म्हणजे त्याला हुकूम मिळतो. मग किती गार करा, ते मागं फिरत नाही."

"कोटीत एक?" लीलाधरनं भुवया उंचावल्या. "माझं नाक एवढं नव्हतं गं."

शिवपुरी यायच्या जरा आधी पडदा पिवळा झाला आणि बारीक आवाजात टिकटिकू लागला.

चारू ताठ बसली. आकडा कोटीत अर्ध्याच्या वर गेला होता आणि चढत होता. पडद्यावर सूचना उमटली: माल ग्वाल्हेरच्या पिकवण केंद्रात वळवावा. तिथं निम्म्या भावात का होईना, माल जाणार होता. आणि मागं उभी बाग संपणार होती.

लीलाधरला हा क्षण ओळखीचा होता. माल बोलायला लागला होता. व्हायला नको तेच होणार असं तो आखाजीपासून म्हणत होता, आणि तसंच झालं होतं. पण बरोबर ठरल्याचं सुख त्याच्या मनात औषधालाही सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा, आपण चुकलेलो असावं असं त्याला कळवळून वाटलं.

"बाबा, मी आत्याची बाग घालवली," चारू म्हणाली. तिचा आवाज लहानपणी परीक्षेचा पेपर अवघड गेल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"थांब जरा. रडू नको. नीट वाच."

तिनं डोळे पुसून वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय? दाराजवळचा आकडा पळतोय, आणि पुढचा तर जागचा हलला नाही. बाग तीच, घड तोच. माल पिकत असता तर दोन्हीकडं थोडं थोडं दिसलं असतं." ती वळली. "दाराजवळ काय आहे?"

समोर एक पूल आला आणि गेला. आपण 'काही नाही' म्हटलं होतं ते त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं.

"चारू, तू विचारलं होतंस ना, आत मालाशिवाय काही आहे का म्हणून."

"मग?"

"आहे. तुझ्या आत्यानं दिलेली पूजेची फणी. वेलची."

"पिकलेली?"

"पूजेला घेतात तेवढी."

"सालीवर ठिपके होते?"

"भरपूर."

चारूनं दोन्ही हातांत डोकं धरलं. ती आता ओरडणार म्हणून लीलाधरनं मान खाली घातली. "तुझ्याशी खोटं बोललो. उघड्या ट्रकात दर वर्षी नेत होतो गं. कधी काही झालं नाही."

"उघड्या ट्रकात वारा होता, बाबा. वायू उडून जायचा. इथं ती एक फणी बंद खोलीत बसून सगळ्यांच्या कानात ओरडते आहे." तिनं डोकं वर काढलं. ती रडत नव्हती. उलट तिच्या तोंडावर विचित्र असं हसू फुटू पाहत होतं. "आणि मी तरी काय केलं? आत्या आत उदबत्ती फिरवत होती. जळत्या धुरातही तोच वायू असतो. पूर्वी धुरी देऊनच केळी पिकवायचे. मला ठाऊक होतं. पण तिचे डोळे मिटलेले पाहून माझी जीभच उचलली नाही."

"म्हणजे दोघं चुकलो."

"तिघं. आत्याला सोडू नका." ती सावरून बसली. "माळ थांबवा. दार उघडायला हवं. पण एक लक्षात ठेवा. आत डोकं घालायचं नाही आणि श्वास घ्यायचा नाही. आत प्राणवायू जवळजवळ नाहीच. एक लांब श्वास घेतलात तर उभ्या उभ्या कोसळाल."

लीलाधरनं मुलीकडं पाहिलं. "अख्खा जन्म मी तेवढं एकच काम केलं," तो म्हणाला.

माळ थांब्यावर लागली. बाहेर ऊन नुसतं जाळत होतं. चारूनं सील तोडलं, दार वीतभर उघडलं आणि त्याला मागं ओढलं. आतला गारवा दोघांच्या पायांवरून वाहत गेला. लीलाधर बाजूला उभा राहिला, श्वास रोखला आणि टायर ठोकायचा लाकडी दांडका फटीतून आत घातला. दांडक्याच्या टोकाला तारेचा आकडा करून बांधला होता. खोक्यामागून आकडा दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा लाल फडक्याची गाठ त्यात अडकली. गाठोडं बाहेर आलं, आणि चारूनं दार खांद्यानं लोटून बंद केलं.

गाठोड्याला पिकल्या वेलचीचा दाट, मधासारखा वास येत होता, वर उदबत्तीचा चंदनी पदर. लीलाधरनं ते चारूच्या हाती देऊन तिला लांब पाठवलं. मग तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दारापासून चांगला दहा पावलं दूर उभा राहिला. डब्यातून निसटलेली हवा अजून तिथं रेंगाळत होती. त्यानं डोळे मिटून नाकानं थोडीशी ओढली.

कसलाच वास नव्हता. ओल्या हिरव्या सालीचा पाणचट गारवा, बस. आयुष्यभर तो ट्रकमध्ये वास शोधत आला होता. आज न आलेल्या वासानं त्याचा जीव भांड्यात पडला.

"माल झोपलाय," तो ओरडला.

चारूनं डब्यात नवा नायट्रोजन सोडला. आतल्या पंख्यानं हवा जांभळ्या खड्यांच्या पेटीतून फिरवली; ते खडे वायू गिळून टाकतात. आकडा कोटीत पाऊणच्या जरा वर जाऊन थबकला. दोघं पडद्यासमोर बसून राहिले. थोडा वेळ तो तसाच लोंबकळला. मग एक पायरी उतरला. मग आणखी एक. पडदा हिरवा झाला तेव्हा पहिल्यांदा दोघांच्या लक्षात आलं की लाल फडकं चारूच्या मांडीवर उघडं पडलं आहे.

"प्रसाद आहे," लीलाधर म्हणाला. "टाकता येत नाही."

थांब्याच्या सावलीत दुसऱ्या एका माळेचा ड्रायव्हर बसला होता. त्यालाही बोलावलं. तिघांनी मिळून फणी संपवली. सालं चारूनं लांब नेऊन पुरली. वाऱ्यावरसुद्धा तिचा विश्वास उरला नव्हता.

*

दिल्लीच्या बाजारात आडत्यानं पहिलं खोकं उघडलं. त्यानं फणी उचलली आणि हात जरा खाली गेला, कारण त्याच्या हाताला पाऊण मालाच्या वजनाची सवय होती. फळ हिरवंगार, कडक आणि गोल. त्यानं एक केळं मधोमध मोडून पाहिलं, चिकाची तार पाहिली, पुन्हा फणी तोलली.

"रावेर का ही माल है ना?"

"रावेर का ही," लीलाधर म्हणाला. "बस, थोडा रुक के निकला है."

भाव काय मिळाला ते तो परतण्याआधीच गावभर झालं होतं.

मंदा ओट्यावर वाट पाहत होती. भावाचं तिला समजलं होतं, ते तिनं विचारलंच नाही. "फणी पोचली का दिल्लीले?"

"नाही. शिवपुरीपर्यंतच."

त्यानं सगळं सांगितलं. स्वतःचं खोटंही सांगितलं, चारूचं गप्प बसणंही. मंदा ऐकून घेत होती. नवरा गेल्याच्या वर्षीही तिनं ती फणी चुकवली नव्हती. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे माझ्याच हातानं बुडालं असतं."

"तुझ्याच बागेनं तरलं. चारू म्हणते, पाऊणचा माल फणीनं बिघडला नसता, पण त्याला हा भावही आला नसता."

मंदानं नाक पुसलं. "मग पुढच्या खेपेले फणी कुठं ठेवू?"

"माझ्यापाशी. पुढं, कॅबिनमध्ये."

"तू खाऊन टाकशील."

"तेच तर सांगतोय. पिकलेलं माणसांत, कच्चं डब्यात."

दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रक भरला. उदबत्ती मंदानं बाहेरूनच ओवाळली, डोळे उघडे ठेवून.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी लीलाधर बहिणीच्या बागेच्या बांधावर उभा होता. पलीकडं प्रल्हाद राण्यांच्या बागेत हबीबची टोळी कापणीला उतरली होती. राणे स्वतः मागं हात बांधून उभे होते. दिल्लीचा भाव कळल्यापासून मुंजीचा विषय त्यांनी काढला नव्हता. हबीब पहिल्या घडासमोर आला. विळा कमरेतून निघाला, दांड्याला टेकला. मग त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा फळावरून फिरवला. कड लागली. बापाच्या, आजाच्या हाताला लागायची तशीच लागली.

त्यानं मालकाकडं पाहिलं. राण्यांनी नजर चुकवून आधी वर, सातपुड्याकडं पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

"तुला काय वाटतं?" राण्यांनी विचारलं.

"अजून नाही," हबीब म्हणाला आणि विळा परत कमरेला खोचला.

तो पुढच्या खोडाकडं गेला. अंगठा फिरवला. अजून नाही. त्याच्या पुढच्याकडं. टोळीतले गडी रिकाम्या खांद्यांनी त्याच्या मागून चालत होते आणि महामार्ग तिथून चार कोसांवर होता.

लीलाधरनं सवयीनं एक लांब श्वास घेतला. बागेत कसलाच वास नव्हता.